आचार्यपणाची नित्यसाधना

॥ श्रीसर्वज्ञाय नमः ॥

परमार्गात परमेश्वरावतार पाच. श्रीकृष्णचक्रवर्ती, श्रीदत्तात्रेयप्रभू, द्वारावतीकार श्रीचांगदेव राऊळ, ऋद्धिपूरचे श्रीगोविंदप्रभू आणि सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामी. सहावा नाही. यानंतर जे जे अधिकारी पुरुष मार्गात झाले, ते आचार्य झाले, महंत झाले, कवीश्वर झाले. परमेश्वर कोणी झाला नाही आणि तसे म्हणवून घेण्याची सोयही शास्त्राने ठेविली नाही. जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ परस्परांहून भिन्न आणि अनादी आहेत, असे एकदा मानले की जीव कितीही मोठा झाला तरी जीवच राहतो. ज्याला चार माणसांच्या पुढे चालावयाचे आहे त्याने प्रथम समजून घ्यावयाची गोष्ट ती हीच. पुढे चालणारा आणि मागून येणारा यांची जात एक आहे. दोघेही अविद्याबद्ध, दोघेही परमेश्वराच्या कृपेचे याचक.

हा सिद्धांत वाचावयास सोपा, वागावयास कठीण. त्याची परीक्षा झाली ती श्रीचक्रधरस्वामी उत्तरापंथे निघून गेल्यानंतर. सन्निधानात असताना भक्तांना शंका आली तर विचारता येत होती, चूक झाली तर स्वामी दाखवीत होते, भांडण झाले तर त्यांच्यासमोर ते विरघळत होते. आता असन्निधान आले. विद्वान होते, भोळे होते, वृद्ध स्त्रिया होत्या, संपत्ती सोडून आलेले होते. आणि ज्याच्यासाठी हे सर्व एकत्र आले होते तो डोळ्यांपुढे नव्हता. अशा वेळी मंडळी विखुरण्यास फार कारण लागत नाही. कोणी गावी परततो, कोणी वेगळी चूल मांडतो, कोणी आपणच स्वामींचे खरे मर्मज्ञ म्हणून चार शिष्य जमवितो. असे झाले नाही, याचे मोठे श्रेय आचार्य श्रीनागदेवांकडे, म्हणजे भटोबासांकडे जाते.

नागदेवांनी स्वामींमागे ताबडतोब आसन मांडले नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे. ऋद्धिपुरी श्रीप्रभू होते. भक्तमंडळी तिकडे गेली आणि कित्येक वर्षे नागदेव श्रीगोविंदप्रभूंच्या सेवेत राहिले. श्रीप्रभूंची वागणूक लोकदृष्टीला वेड्यासारखी. कधी हसतील, कधी रागावतील, क्षणात खेळ मांडतील, क्षणात मोडतील. अशा पुरुषाची सेवा करताना सेवकाचा स्वतःचा बेत कधीच चालत नाही. आज ज्याला आपण घराचा कर्ता, गावाचा सरपंच, मठाचा महंत किंवा एखाद्या देवस्थानचा विश्वस्त म्हणतो, त्याची बहुधा पहिली अडचण हीच असते की आपला बेत मोडला की तो स्वतःच मोडतो. सकाळी ठरविलेले दुपारी दुसऱ्या कोणी बदलले तर दिवसभर त्याचा चेहरा उतरतो आणि त्याचा ताप सर्व घराला होतो. नागदेवांना ही शिकवण ऋद्धिपुरात रोज मिळत होती. आचार्यपद नंतर आले. बेत मोडण्याची सवय आधी झाली होती.

त्यांच्या पूर्वायुष्याविषयीही चरित्रग्रंथ काही लपवीत नाहीत. तारुण्यात त्यांचे पाऊल वाकडे पडले होते. आई आबाइसा आणि बहीण उमाइसा या स्वामींच्या दर्शनाला आधी लागल्या, नागदेव मागून आले. ज्याला मार्गाने पुढे बसविले त्याला मार्गात आणले घरातील बायकांनी. ज्यांच्या घरात मुलगी किंवा सून बोलू लागली की पुरुष वर्तमानपत्र उघडतात, त्यांनी हा क्रम एकदा शांतपणे आठवावा.

भटोबासांचा विशेष गुण भाषेच्या प्रसंगी दिसतो. स्मृतिस्थळातील ती हकीकत मार्गात सर्वांना ठाऊक आहे. केशवदेव म्हणजे केसोबास आणि पंडित हे दोघेही संस्कृतात पारंगत. त्यांनी आचार्यांस संस्कृत ढंगाने प्रश्न केला, तेव्हा आचार्यांनी सरळ सांगितले की ही तुमची भाषा आपल्याला कळत नाही. स्वामींनी आपल्याला मराठीत निरूपण केले, तेव्हा मराठीतच विचारावे. या प्रसंगाचे वर्णन बहुधा मराठीचा अभिमान म्हणून केले जाते, आणि ते खोटेही नाही. परंतु त्यात आणखी एक गोष्ट आहे व ती सहसा निसटते. पुढे बसलेला गुरू आपल्याहून विद्वान शिष्यांच्या समोर, इतर मंडळींच्या देखत, ‘मला कळत नाही’ असे म्हणतो. त्याला त्याची लाज वाटत नाही. ज्याचे पद ज्ञानाच्या दिखाव्यावर उभे आहे त्याच्या तोंडून हे वाक्य निघत नाही. तो मान डोलावतो, गूढ हसतो आणि विषय बदलतो.

दुसरा प्रसंगही असाच. केसोबास शास्त्रविषय संस्कृतात बांधू पाहत होते. केसोबास सामान्य लेखक नव्हेत; सूत्रपाठ आणि दृष्टांतपाठ यांची रचना त्यांच्या हातची, रत्नमालास्तोत्र त्यांनी संस्कृतातच केले. आचार्यांनी त्यांना थांबविले. त्यांच्या मनात विद्वत्तेचे वैर नव्हते. संस्कृतात ग्रंथ झाला तर मार्गातील म्हाताऱ्या त्याला मुकतील, एवढेच त्यांचे कारण. येथे क्षणभर थांबावे. संस्थेचा निर्णय घेताना कोणाचा चेहरा डोळ्यांपुढे येतो यावरून पुढाऱ्याची ओळख पटते. काहींच्या डोळ्यांपुढे दाते येतात, काहींच्या पंडित, काहींच्या विरोधक. आचार्यांच्या डोळ्यांपुढे आल्या त्या मागच्या बाजूला बसून ऐकणाऱ्या, अक्षरओळख नसलेल्या, पण जन्मभर भिक्षा मागत अटन केलेल्या वृद्ध स्त्रिया. त्या काही मागावयास आल्या नव्हत्या. त्यांची आठवण कोणी करून द्यावी लागली नाही.

याच मार्गाने पुढील काळात ग्रंथांच्या रक्षणासाठी सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्या वापरल्या. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाड्यांनी ती उलगडेपर्यंत बाहेरच्या अभ्यासकांना हे वाङ्मय बंदच होते. त्या काळाची गरज त्या काळाने जाणली, तिचा दोष काढण्याचे कारण नाही. परंतु २०२४ साली मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, त्याच वर्षी ऋद्धिपुरात मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले आणि लीळाचरित्राचे नाव सर्वत्र घेतले जाऊ लागले, तेव्हा एक प्रश्न मार्गातील प्रत्येक निरूपणकाराने स्वतःला विचारण्यासारखा आहे. लिपी मोकळी झाली. निरूपण मोकळे झाले काय? आजच्या सत्संगात मागे बसलेल्या शेतमजूर बाईला ‘असन्निधान’, ‘अनुसरण’, ‘अविद्याबंध’ हे शब्द ऐकून काही उमगते, की ती केवळ श्रद्धेने हात जोडते? तिने उठून अर्थ विचारला तर सभेत काय होते? महादाइसा स्वामींना प्रश्नावर प्रश्न विचारीत आणि स्वामी उत्तरे देत, हे लीळाचरित्रात पानोपानी आहे. प्रश्न विचारणारी बाई मार्गात नवी नाही.

ऐकण्याचा गुण हा तर याहूनही रोजचा. दृष्टांतपाठातील ११४ दृष्टांतांत जात्यंध आणि हत्ती यांचा दृष्टांत प्रसिद्ध आहे. कोणी पाय चाचपला, कोणी कान, कोणी सोंड, आणि जो तो आपल्या हाताला लागले तेवढ्यालाच हत्ती म्हणू लागला. डोळस मात्र सर्व हत्ती पाहतो. हा दृष्टांत सांगताना पुढारी माणसाकडून एक गोड फसवणूक होते. तो नकळत स्वतःला डोळसाच्या जागी बसवितो आणि इतरांना आंधळ्यांच्या. शास्त्रार्थ पाहता सर्वज्ञ एकच आहे आणि तो आता सन्निधानात नाही. तेव्हा महंत असो, मुख्याध्यापक असो, दूध संस्थेचा अध्यक्ष असो, तोही चाचपणाऱ्यांपैकीच एक आहे. आपल्या हाती एक पाय लागला आहे एवढे ज्याला ठाऊक आहे, तो शेजाऱ्याला विचारतो की तुझ्या हाताला काय लागले.

म्हाइंभटांनी लीळाचरित्र रचताना हेच केले. सरळ्याचे हे धनवान आणि विद्याभिमानी गृहस्थ स्वामींशी वाद घालावयास आले आणि पुढे सर्व टाकून भिक्षुक झाले. सुमारे शके १२०० (इ. स. १२७८) मध्ये त्यांनी स्वामींच्या लीळा संकलित केल्या. त्यांनी केवळ आचार्यांच्या स्मरणावर ग्रंथ उभारला नाही. ज्याने जी लीळा पाहिली किंवा ऐकली त्याच्याकडे जाऊन ती विचारली. आचार्यांची याला अनुमती होती. पुढे मूळ पोथी परचक्रात नष्ट झाली असे संप्रदायात सांगतात, आणि हिराइसेच्या स्मरणातून आलेला पाठ मान्य झाला. एकच लीळा कोणी अशी सांगे, कोणी तशी. त्या पाठभेदांना ‘वासना’ म्हणून जपून ठेविले गेले. भिन्न आठवण सांगणाऱ्याला खोटा ठरवून बाहेर काढण्याची प्रवृत्ती तेथे दिसत नाही. घरात दोन भाऊ वडिलांच्या वाटणीच्या शब्दावरून भांडतात, तेव्हा दोघांपैकी एक लबाडच असला पाहिजे असे धरूनच पंच बसतात. क्वचित दोघांनीही वडिलांना निरनिराळ्या वेळी ऐकलेले असते. पंचाने आधी दोन्ही स्मरणे लिहून घ्यावीत, निवाडा नंतर.

शरणागताचे रक्षण हा गुण सर्वांच्या मुखी असल्याने त्याचा विस्तार नको. शिकाऱ्यांनी पाठलाग केलेला ससा स्वामींच्या जानूखाली येऊन लपला आणि स्वामींनी तो शिकाऱ्यांच्या हवाली केला नाही, ही लीळा बालकेही सांगतात. मात्र दैनंदिन जीवनात ससा सशाच्या रूपाने येत नाही. कार्यालयात ज्या कनिष्ठावर सर्वांनी दोष ढकलला आहे, पंगतीत ज्याच्या जातीची कुजबूज चालली आहे, बैठकीला नसलेल्या ज्या माणसाची थट्टा रंगली आहे, तो त्या क्षणी आश्रयाला आलेला असतो. तो बोलत नाही. पुढे बसलेल्याने हसावे की न हसावे, एवढ्यावर त्याचे रक्षण अवलंबून असते.

भिक्षेच्या आचारालाही या दृष्टीने पाहिले पाहिजे. स्वामींनी साधकाला ओळखीचा देश सोडण्यास, अपरिचित गावी जाण्यास, झोळी घेऊन दारोदार उभे राहण्यास सांगितले. त्याचे मुख्य प्रयोजन वैराग्य हेच. पण त्याचे आणखी एक फळ आहे. जो रोज अनोळखी उंबऱ्यावर उभा राहतो त्याला ‘पुढे जा’ हा शब्द रोज ऐकावा लागतो, आणि तो ऐकूनही मन न विटाळता पुढच्या दारी जावे लागते. वासनिक गृहस्थाला झोळी घेता येत नाही, घेऊही नये. परंतु आठवड्यातून एकदा तरी जेथे आपले पद कोणाला ठाऊक नाही अशा रांगेत त्याने उभे राहावे. दवाखान्यात, बसस्थानकावर, रेशनच्या दुकानात. ओळख सांगून पुढे जाण्याचा मोह तेथे होतो की नाही, ते त्याचे त्यानेच पाहावे. मठांतही जेथे महंत पंगत उठल्यावर जेवतात आणि जेथे प्रथम जेवतात, त्या दोन ठिकाणच्या वातावरणात जो फरक असतो तो पाहुण्याला पहिल्याच दिवशी जाणवतो.

टीका सहन करण्याविषयी एकच उदाहरण पुरे. भास्करभट्ट बोरीकर हे श्रेष्ठ कवी. त्यांनी शिशुपाळवध रचला आणि गुरुबंधूंपुढे ठेविला. ग्रंथ उत्तम झाला आहे, पण त्यातील शृंगार पाहता तो निवृत्तीच्या वाटेवर चालणाऱ्यांच्या उपयोगाचा नाही, असा अभिप्राय आला. स्वतःच्या उत्कृष्ट कृतीविषयी असा अभिप्राय ऐकणे कोणत्याही कवीला गोड लागणार नाही. त्यातून अभिप्राय देणारा बरोबरीचा. त्याच्यापुढे नमते घेण्याचे बंधनही नव्हते. भास्करभट्टांनी वाद मांडला नाही, रुसून मार्गही सोडला नाही. त्यांनी पुन्हा लेखणी घेतली आणि भागवताच्या एकादश स्कंधावर उद्धवगीता रचली.

नागदेवांच्या मागून आचार्यपद बाइदेवबासांकडे गेले आणि त्यांच्यामागून ते आले याच भास्करभट्टांकडे. मार्गात त्यांना कवीश्वर म्हणतात; कवीश्वर आम्नाय त्यांच्याच नावाने ओळखला जातो. शिशुपाळवधही टाकून दिला गेला नाही. साती ग्रंथांत तो आणि उद्धवगीता दोन्ही आहेत, आणि पढणारे दोन्ही पढतात.