आडनाव नव्हे, गाव

घराण्याचा माग काढायला निघालेला मराठी माणूस आडनावापासून सुरुवात करतो आणि बहुधा तिथेच चकतो. आडनाव ही आजच्या ओळखीतली सगळ्यांत ठसठशीत खूण खरी, पण कागदोपत्री ती सर्वांत उशिरा आलेली आणि सर्वांत सहज बदललेली. पणजोबांच्या पिढीतला कोकणी कुळवाडी, खलाशी किंवा गिरणीतला कामगार आडनावाने सापडण्यापेक्षा ‘अमुक बिन तमुक, राहणार मौजे अमुक’ असा सापडण्याचा संभव कितीतरी अधिक. मोरे, जाधव, पवार, शिंदे ही आडनावे तर इतक्या जातींत आणि इतक्या जिल्ह्यांत आहेत की नुसत्या त्यांच्या आधाराने कोणाशीही नाते जोडता येते. म्हणजेच कोणाशीच जोडता येत नाही.

मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावरचा रे रोड आणि त्याच्या आजूबाजूचा माझगाव, शिवडी, लालबागचा पट्टा हा या प्रश्नाचा चांगला नमुना आहे. गोदी, गिरण्या आणि वखारी यांच्या आधाराने इथे वसलेली वस्ती जवळजवळ सगळीच बाहेरगावची. १२ डिसेंबर १९१० रोजी कुर्ल्याहून निघालेली हार्बर मार्गाची गाडी रे रोडपर्यंत येऊ लागली, तेव्हा या भागात कोकणातले, घाटावरचे, गोव्याचे आणि परदेशातलेही लोक आधीच होते. स्टेशनाला ज्यांचे नाव आहे ते लॉर्ड रे १८८५ ते १८९० मुंबईचे गव्हर्नर होते. त्यांचे आडनाव मॅके, जन्म नेदरलंड्समधल्या हेग शहरातला, आणि ‘रे’ हे स्कॉटलंडच्या उत्तर टोकाच्या एका खेड्याचे नाव. गव्हर्नरसाहेबही एका परीने गावकरच निघाले.

गोऱ्यांचा माग काढणाऱ्यांची या परिसरातली मुख्य जागा म्हणजे दोन स्टेशने पलीकडची शिवडीची ख्रिस्ती दफनभूमी. मुंबईचे पहिले म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्ड यांच्या काळात, १८६०च्या दशकात ती सुरू झाली. व्हिक्टोरिया टर्मिनसचे वास्तुकार एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स आणि गेटवे ऑफ इंडियाचे जॉर्ज विटेट तिथेच पुरलेले आहेत. पण शोध घेणाऱ्यांना रस असतो तो नावाजलेल्यांत नव्हे, तर साध्या शिपायांत, रेल्वेच्या फिटरांत आणि त्यांच्या लहान वयात गेलेल्या मुलांत. त्यांत आयरिश पुष्कळ. ईस्ट इंडिया कंपनीच्या गोऱ्या पलटणींत आयरिश तरुणांचा मोठा भरणा असे, आणि मुंबईची गोरी फ्युझिलियर्स पलटण तर १८८१ च्या फेररचनेत रॉयल डब्लिन फ्युझिलियर्सची दुसरी बटालियन झाली.

या शोधाला आयर्लंडमध्ये मोठी अडचण येते. १८२१ ते १८५१ च्या जनगणनांची मूळ पत्रके १९२२ साली डब्लिनच्या फोर कोर्ट्समधल्या आगीत बहुतांश जळाली. १८६१ आणि १८७१ ची सरकारने आधीच नष्ट केली होती आणि १८८१ व १८९१ ची पहिल्या महायुद्धाच्या काळात रद्दीत गेली. एकोणिसाव्या शतकाची ही पोकळी भरायला शेतसाऱ्यासारख्या आकारणीचे कागद उपयोगी पडतात. १८४७ ते १८६४ या काळात झालेल्या ग्रिफिथच्या आकारणीत प्रत्येक ‘टाउनलँड’मध्ये कोणते शेत कोणाच्या वहिवाटीत आहे आणि ते कोणाकडून घेतले आहे, हे नमूद आहे. टाउनलँड म्हणजे आपल्या वाडीएवढा मुलखाचा तुकडा. म्हणून आयरिश घराण्यांचे जाणकार आडनाव ऐकून घेतात आणि लगेच टाउनलँड विचारतात. तिथल्या आडनावांचाही भरवसा नाही. इंग्रजी अमलात पुष्कळांनी ‘ओ’ आणि ‘मॅक’ गाळले, नंतर काहींनी ते पुन्हा लावले. मूळचे ‘मॅक गाव्हन’ हे लोहाराचे आडनाव कुठे मॅकगोवन झाले, तर कुठे सरळ स्मिथ.

मुंबईत मेलेल्या आयरिश शिपायाची नोंद मात्र बरीच सुरक्षित राहिली, कारण इथल्या चर्चांतल्या बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांच्या नोंदींच्या प्रती लंडनला पाठवल्या जात. ब्रिटिश लायब्ररीत मुंबई इलाख्याच्या या नोंदींचा वेगळा संग्रह आहे. त्यांची चित्रे आता इंटरनेटवर पाहता येतात, आणि १९९८ मध्ये स्थापन झालेल्या ‘फॅमिलीज इन ब्रिटिश इंडिया सोसायटी’चे स्वयंसेवक अशा नोंदींच्या याद्या करतात. त्याच शिपायाचे सामान बोटीतून उतरवणाऱ्या हमालाच्या नावाची प्रत लंडनला गेली नाही. त्याचा माग काढायचा तर कागद वेगळे आणि वाटही वेगळी.

गावावरून आडनाव पडण्याची कोकणी रीत सर्वांना माहीत आहे. पण तिचा एक परिणाम सहसा ध्यानात येत नाही: असे आडनाव गाव सोडल्यावरच लागते. पेणमध्ये सगळेच पेणचे, तिथे पेणकर म्हणून कोणाला ओळखणार? मुंबईच्या चाळीत, मस्टरात किंवा शाळेत मात्र तीच सोयीची ओळख. त्यामुळे ‘कर’ लागलेले आडनाव रक्ताचे नाते सांगत नाही. माणूस कुठून निघाला तेवढेच सांगते. मशीद बंदराजवळच्या सॅम्युएल स्ट्रीटवरचे शार हारहमीम हे सिनेगॉग १७९६ मध्ये सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी बांधले. कोकणातल्या ज्यूंमध्ये, म्हणजे बेने इस्रायलांमध्ये, दिवेकर, पेणकर, रोहेकर, नागावकर, केहिमकर अशी आडनावे आहेत. यांतल्या पुष्कळ आडनावांचे हिंदूही आहेत. दिवेकर ज्यू आणि दिवेकर हिंदू यांचा एकच पूर्वज शोधणे व्यर्थ. त्यांची एकच खाडी आणि एकच बंदर शोधणे मात्र शक्य आहे.

याचे सर्वांत परिचित उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे. घराण्याचे आडनाव सकपाळ, मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यातले आंबडवे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, पहिलीत दाखल झालेल्या मुलाची नोंद रजिस्टरच्या १९१४ व्या क्रमांकावर ‘भिवा रामजी आंबेडकर’ अशी आहे. सकपाळ हे आडनाव धरून बसलेला शोधक या पानाशी थबकला नसता. पुढे परळच्या बीआयटी चाळीत हे कुटुंब राहिले ते याच नव्या आडनावाने. साध्या घरांत असे बदल पिढीतून दोनदाही झालेले आढळतात. एक भाऊ गावाचे नाव लावतो, दुसरा कुळाचे, तिसऱ्याला मास्तर नुसतेच ‘पाटील’ लिहून टाकतात.

गिरणी आणि गोदी यांनी आडनावापेक्षा नंबराला महत्त्व दिले. हजेरी घेतली जायची ती तिकीट नंबराने. नावापुढे बापाचे नाव असे, आडनाव असलेच तर असे. या कागदांची किंमत गिरण्या बंद पडल्यावर कळली. १९८२ च्या संपानंतर गिरण्यांच्या जमिनींवर कामगारांना घरे द्यायचे ठरले, आणि १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर कामावर असल्याचा पुरावा म्हाडाने मागितला. ओळखपत्र, तिकीट नंबर, लाल पास, सर्व्हिस सर्टिफिकेट, ई.एस.आय.सी.चा आणि प्रॉव्हिडंट फंडाचा क्रमांक, हजेरीपत्रक, लीव्ह रजिस्टरची प्रत: ही यादी पाहिली तर एका अख्ख्या पिढीने आपल्या बापाचा इतिहास अर्जाच्या निमित्ताने गोळा केला, असे म्हणता येते. ट्रंकेच्या तळाशी राहिलेल्या लाल पासाने वारस ठरले, आणि पासावरचे नाव रेशन कार्डाशी जुळेना म्हणून अर्ज अडकलेही.

या भागातल्या कोकणी माणसाकडे आणखी एक साधन असते, आणि त्याचा उपयोग क्वचितच केला जातो. लालबाग-परळच्या चाळींत एकेका गावाच्या खोल्या असत, गावोगावची ग्रामस्थ मंडळे मुंबईत नोंदलेली असत. गोवेकरांची धोबीतलाव-माझगावची ‘कूड’, म्हणजे एकत्र राहण्याची घरेदेखील गावनिहायच. मंडळांच्या वर्गणीच्या वह्यांत कोण कोणत्या वाडीचा आणि कोणाचा मुलगा हे लिहिलेले असते. अशी जुनी वही सापडली तर तिची किंमत सरकारी दाखल्याहून कमी मानू नये.

मुंबईतले कागद गावापर्यंत पोचवतात, पुढचा शोध गावात. तिथे महत्त्वाची ती गाव नमुना १४ ची जन्म-मृत्यू नोंदवही, जिला लोक कोतवाल बुक म्हणतात. जन्माच्या नोंदीत तारीख, बापाचे नाव, जात आणि ‘मुलगा’ की ‘मुलगी’ एवढेच पुष्कळदा असते. बारशाआधीच नोंद झालेली असल्याने मुलाच्या नावाची जागा कोरी. म्हणजे आजोबांचा जन्म सापडला तरी त्यावर आजोबांचे नाव नाही. शाळेच्या प्रवेश-निर्गम रजिस्टरातली जन्मतारीख त्याला ताडून पाहावी लागते, आणि मास्तरांनी ती अंदाजाने १ जून टाकलेली असते. त्यात आजोबांचे नाव नातवाला ठेवायची रीत. ‘राघो बिन सोनू’ आणि ‘सोनू बिन राघो’ आलटून पालटून येत राहतात आणि शंभर वर्षांत चार माणसांची दोन माणसे होतात. त्यांना वेगळे काढायला जमिनीचा सर्व्हे नंबर, वाडी आणि भावांची नावे लागतात. आडनाव इथे काहीच कामाचे नाही.

रत्नागिरीतल्या खोती गावांत जमीन खोताच्या नावावर आणि कसणारा कूळ म्हणून. खोती १९४९ च्या कायद्याने संपली. त्यापूर्वीची कुळांची नावे सरकारी कागदापेक्षा खोताच्या खासगी दप्तरात सापडण्याची शक्यता जास्त, आणि ते दप्तर मोडीत. मोडी साधारण विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत व्यवहारात राहिली. ह्रस्व-दीर्घ ती पाळत नाही, हात न उचलता लिहिली जाते, आणि प्रत्येक कारकुनाचे वळण वेगळे. पुराभिलेख विभागाच्या प्रशिक्षणातून तयार झालेले वाचक आणि इंटरनेटवर हौसेने वाचून देणारे जाणकार यांची खरी मदत इथे होते. शहाणा वाचक एका ओळीचा फोटो मागत नाही. पूर्ण पान मागतो, कारण त्याच हाताचे ‘र’ आणि ‘व’ शेजारच्या ओळींत कसे आहेत हे पाहिल्याशिवाय नाव लागत नाही. जुने सातबारे आणि फेरफारही आता बऱ्याच जिल्ह्यांचे ‘आपले अभिलेख’वर घरबसल्या पाहता येतात.

ही मदत जिथे कागद वाचून देते तिथे ती मोलाची आहे. जिथे ती आडनाव ऐकून गोत्र, देवक, कुळी आणि मूळ राजघराणे सांगते, तिथे ती स्तुती आहे, संशोधन नव्हे. दोन वंशावळींत एकच नाव दिसले की त्या जोडून टाकण्याची चूकही जगभर होते. आयरिश संशोधकांची त्यावरची शिस्त अनुकरणीय आहे: जिवंत माणसापासून मागे एकेक पायरी जायचे, आणि प्रत्येक पायरीला कागद दाखवायचा.

मराठी मुलखात हीच शिस्त लोक शिकले ती हौसेने नव्हे, सरकारने शिकवली म्हणून. जातीचा दाखला आणि पडताळणी यांसाठी अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा आणि इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो, सोबत वंशावळ. सप्टेंबर २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदींसाठी गावोगावची दप्तरे, १९५१ चे नागरिक रजिस्टर, कोतवाल बुके उलगडली गेली. इतक्या मोठ्या प्रमाणावर घराण्यांचा शोध महाराष्ट्रात पूर्वी कधी झाला नसावा. मात्र तो प्रश्न एकच विचारतो: जात कोणती? कागदांत दुसरे जे काही आहे, म्हणजे कोण साथीत गेले, कोण विधवा राहिली, कोणाची जमीन कशी गेली, ते शोधणाऱ्याच्या डोळ्यांखालून जाते आणि फाइलीत येत नाही. जनगणनेची वैयक्तिक पत्रके तर १९४८ च्या कायद्याच्या कलम १५ मुळे पाहायलाच मिळत नाहीत.

कुलवृत्तांतांची परंपरा याच्या उलट टोकाला. चित्पावन आणि इतर ब्राह्मण घराण्यांनी विसाव्या शतकात ते चिकाटीने छापले, आणि त्यांच्यामागे त्र्यंबकेश्वर, नाशिक, काशीच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांचा आधार होता. हरिद्वारच्या अशा वह्या अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या वंशशोध संस्थेने १९७०च्या दशकाच्या अखेरीपासून मायक्रोफिल्मवर घेतल्या. यात्रेला जाण्याची ऐपत असलेल्यांची नावे त्यांत आहेत. रे रोडच्या गोदीत पाठीवर गोणी वाहिलेल्यांची क्वचित.

दोन्ही परंपरांत बायका नाहीत. जातीच्या वंशावळीला वडिलांकडचेच रक्तनाते लागते, कुलवृत्तांतात लेकी लग्नानंतर दुसऱ्या घराण्यात जातात, आणि सासरी नावच बदलल्याने माहेरच्या कागदाशी धागा जुळत नाही. आजीच्या बाजूने मागे जायचे तर पुन्हा गावच धरावे लागते: तिचे माहेर कोणते, तिच्या भावांच्या नावे तिथे कोणता सातबारा आहे, बापाच्या मृत्यूनंतरच्या फेरफारात वारस म्हणून तिचे नाव चढले की हक्कसोडीने कमी झाले. अशा फेरफारात पुष्कळदा तिचे माहेरचे आणि सासरचे नाव एकाच ओळीत मिळते. १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर मुलाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि शेवटी आडनाव असा क्रम राज्य सरकारने ठरवून दिला आहे. त्या आधीच्या सगळ्या आयांसाठी फेरफाराची ती एक ओळच शोधावी लागते.