श्रद्धा आपली, जीव बाळाचा

॥ श्री सद्गुरवे नमः ॥



मागच्या महिन्यात आपल्या ग्रुपवर एका रात्रीत नव्वदच्या वर मेसेज पडले आणि शेवटी अकरा वाजता ॲडमिनना ग्रुप बंद ठेवावा लागला, हे सगळ्यांना आठवत असेलच. विषय होता चमचाभर तीर्थाचा. त्यानंतरच्या गुरुवारी आरती झाल्यावर आम्ही वीस-बावीस जण तासभर बसलो, मोकळेपणाने बोललो. त्या बोलण्यातून हे लिहितो आहोत. लेख एकट्याचा नाही, म्हणून खाली नाव घातलेलं नाही.

जे बडोद्याबाहेरचे आहेत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. दांडिया बाजारातल्या आपल्या एका जुन्या गुरुबंधूंना नात झाली. सूनबाईचं पहिलंच बाळंतपण. तिची आई हयात नाही, त्यामुळे बाळ-बाळंतीण दवाखान्यातून सासरीच आली. दहा दिवसांचं सोयर संपलं आणि नेमका अकरावा दिवस गुरुवार! आरती आटोपून आम्ही आठ जण तसेच उठलो. हातात पेढे, पादुकांचं तीर्थ, अंगाऱ्याची पुडी. मनात आनंदच होता, दुसरं काही नव्हतं. खोलीच्या दारात सूनबाई उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "काका, तीर्थ मला द्या ना. बाळाला नको. आणि आत यायच्या आधी सगळ्यांनी हात धुऊन घ्याल का?"

सासूबाईंचा चेहरा उतरला. आमच्यातल्या एकांना सर्दी होती, ते बाहेरच्या खोलीतच बसले. आम्ही चहा घेतला, दहा मिनिटांत निघालो. जिना उतरताना कोणी बोललं नाही. घरी पोचल्यावर मात्र सगळ्यांची बोटं चालू लागली. "हल्लीच्या मुली", "गूगलवर वाचतात आणि मोठ्यांना शिकवतात", "जिथे महाराजांच्या तीर्थाला नाही म्हणतात तिथे काय बोलायचं" वगैरे. दुसरीकडून, "डॉक्टरांनी सांगितलं असेल हो, एवढं काय". खरं सांगायचं तर राग आम्हालाही आला होता. तीर्थ नाकारलं म्हणजे गुरूंना नाकारलं, असंच त्या क्षणी वाटलं.

गुरुवारी बसलो तेव्हा पहिला प्रश्न हाच निघाला: चमचाभर तीर्थाने काय होणार आहे? यावर आमच्यातल्या एक नर्सबाई, नोकरीतून निवृत्त झालेल्या, शांतपणे बोलल्या. नवजात बाळाला पहिले सहा महिने आईच्या दुधाशिवाय काहीही द्यायचं नसतं, साधं पाणीसुद्धा नाही. आपलं तीर्थ सकाळपासून तांब्याच्या पात्रात असतं, त्यात तुळस, कधी पंचामृताचे थेंब, आणि किती जणांचे हात त्या पळीला लागलेले असतात. आपण पचवतो. अकरा दिवसांच्या आतड्याचं तसं नसतं. पंचामृतात मध असतो, आणि मध तर वर्षाच्या आत चाटवायचाच नाही. मधात काही वेळा एका जंतूची बीजं असतात. ती मोठ्यांना काही करत नाहीत, पण तान्ह्या आतड्यात रुजली तर विष तयार होतं आणि बाळ लुळं पडतं. क्वचित घडतं, पण घडतं.

"मग जातकर्मात मध-तूप सांगितलंय त्याचं काय?" "आम्हाला सगळ्यांना सोन्याचा वेढा उगाळून मध चाटवला, आम्ही बसलोच आहोत ना इथे?" हे प्रश्न आले. पहिल्याला आमच्याकडे उत्तर नाही, आणि उसनं उत्तर द्यायचंही नाही. जे ज्या काळी सांगितलं ते त्या काळच्या समजुतीने, भल्यासाठीच सांगितलं, एवढंच म्हणू. पण दुसऱ्या प्रश्नाला उत्तर मिळालं, आणि ते ज्यांच्याकडून मिळालं त्यांच्याकडून कोणाला अपेक्षा नव्हती.

आपल्या मंडळातल्या एक काकू आहेत. ज्या रोज फुलवाती करतात त्या, एवढं पुरे. त्या सहसा बोलत नाहीत. त्या म्हणाल्या, "जे बसलेत ते बसलेत. माझा पहिला मुलगा नाही बसलेला."

बेचाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट. गावात बाळंतपण झालं. पहिल्या दिवसांचं पिवळसर घट्ट दूध, चीक, तो जड असतो, बाळाला बाधतो म्हणून पिळून टाकायला सांगितलं. त्यांनी टाकलं. तीन दिवस मध आणि गुळाचं पाणी. मग रोज घुटी. तिसऱ्या आठवड्यात बाळ ओढीना, रडणं बारीक झालं, अंग गार पडू लागलं. दृष्ट लागली म्हणून दोन दिवस मीठ-मोहऱ्या उतरल्या, धुरी दिली. तिसऱ्या दिवशी तालुक्याला नेलं तेव्हा उशीर झाला होता.

"कशाने गेला ते मला माहीत नाही," काकू म्हणाल्या. "मधाने, गारठ्याने, का आणखी कशाने. कोणी सांगितलं नाही. पण दूध पिळून टाकताना माझ्या मनात आलं होतं, की एवढं दूध येतंय तर ते बाळाचंच असणार ना? विचारलं नाही. विचारणं म्हणजे घरातल्या मोठ्यांवर अविश्वास, असं होतं तेव्हा. त्या दिवशी ती पोर दारात उभी राहिली ना, मला वाटलं, मी उभी राहायला हवं होतं."

बेचाळीस वर्षं. त्यातली निम्मी तरी त्या आपल्याबरोबर आरतीला उभ्या आहेत आणि आम्हाला पत्ता नाही.

त्यानंतर चर्चेचा सूरच बदलला. मुद्दा तीर्थाचा उरला नाही. मुद्दा असा झाला, की आपल्या श्रद्धेची किंमत कोण मोजतं? आपण एकादशी करतो तेव्हा भूक आपल्या पोटात असते. अनवाणी चालतो तेव्हा फोड आपल्या पायांना येतात. म्हणूनच त्याला व्रत म्हणायचं. दुसऱ्याला उपाशी ठेवून एकादशी घडली असं कोणी म्हणणार नाही. मग ज्याला मान सावरता येत नाही, नको म्हणता येत नाही, त्याच्या तोंडात आपण आपल्या समाधानासाठी काही घालतो तेव्हा त्यात श्रद्धा आपली, पण जोखीम त्याची. हे बरोबर आहे का?

यावर आमच्यातल्या एका निवृत्त मास्तरांनी चांगला आडवा प्रश्न टाकला. "मग जन्मल्याबरोबर बीसीजी टोचतात, पोलिओचे थेंब पाजतात, तेव्हा बाळाला कुठे विचारतात? त्याचं नाव, कूळ, भाषा, देव, सगळं आपणच ठरवतो. लहान मुलाच्या बाबतीत न विचारता करण्याशिवाय गत्यंतर आहे का?"

गत्यंतर नाही, हे खरंच. बराच वेळ यावर घोटाळलो. शेवटी जे हाती आलं ते असं: न विचारता करावं लागतंच, म्हणून तर करणाऱ्याने स्वतःला जास्त विचारलं पाहिजे. लस बाळासाठी असते. उद्या ती अपायकारक ठरली तर बंद करायला कोणाची हरकत नसेल, कारण आपला जीव लशीत गुंतलेला नाही, बाळात गुंतलेला आहे. त्या संध्याकाळचं तीर्थ कोणासाठी होतं? प्रामाणिकपणे बोलायचं तर एकाने फोटोसाठी मोबाईल काढून ठेवला होता. "महाराजांचं पहिलं तीर्थ" असा तो फोटो ग्रुपवर पडायचा होता. म्हणजे तीर्थ आमच्यासाठी होतं. बाळाला दूध हवं होतं, ऊब हवी होती आणि आम्ही आठ जणांनी खोलीतली हवा मोकळी ठेवायला हवी होती.

आणि सूनबाईने काही निवडून आपल्यालाच नाही म्हटलं नव्हतं. हे नंतर कळलं. शेजारच्या गुजराती बेन प्रेमाने गळथूथी घेऊन आल्या होत्या, गुळाचं पाणी. त्यांनाही तिने असंच हात जोडून थांबवलं होतं. तीर्थ मात्र तिने स्वतः घेतलं, डोळ्यांना लावून. हे आम्ही जिना उतरताना विसरलो.

आता याचा अर्थ जुनं सगळं टाकाऊ, असं कोणी काढू नये. आम्हाला उलट वाटतं. सहाव्या रात्री सटवाई नशीब लिहायला येते म्हणून जागतात. पण ती जाग कशासाठी, पाहा. नवजात बाळांचे जे मृत्यू होतात त्यातले तीन चतुर्थांश पहिल्याच आठवड्यात होतात. आपल्या आज्या-पणज्यांनी आकडे मांडले नव्हते, पण कोणत्या रात्री झोपायचं नाही हे त्यांना ठाऊक होतं. टोपडं, दुपटं, सव्वा महिना घराबाहेर न पडणं, बाळंतिणीला अळिवाचे नि डिंकाचे लाडू, यातलं काही वाईट नाही. सोयराचंसुद्धा बघा: बाकी काही असो, दहा दिवस बाहेरची गर्दी त्या खोलीपासून लांब राहायची. आम्ही सोयर संपायची वाट पाहिली ती गर्दी करायला! (सोयरात बाळंतिणीला कोपऱ्यात एकटं टाकायचे, ते मात्र आम्हाला पटत नाही. आणि नामाला सोयर-सुतक नाही, हे परत परत विचारणाऱ्यांसाठी परत एकदा.)

जुनं आणि नवं एकत्र कसं नांदतं, याचं मोठं उदाहरण गडचिरोलीचं आहे. डॉ. अभय आणि राणी बंग यांनी तिथल्या 39 गावांत गावातल्याच, थोडंफार शिकलेल्या बायकांना तयार केलं. त्या बायका बाळंतिणीच्या घरी जायच्या, बाळाचं वजन करायच्या, ऊब आणि अंगावरचं दूध याकडे बघायच्या, न्यूमोनिया आणि जंतुसंसर्ग ओळखून उपचार करायच्या. 1999 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्याचे निष्कर्ष आले: नवजात बाळांचे मृत्यू 62 टक्क्यांनी कमी झाले. मोठं हॉस्पिटल बांधून नव्हे, घरातच. 2011 पासून देशभर आशाताई घरी येतात ते याच धर्तीवर. दवाखान्यात बाळंतपण झालं असलं तरी 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी. गावच्या बायकांना अडाणी ठरवून बाजूला सारलं असतं तर हे घडलं नसतं. त्यांच्या हातात वजनकाटा आला आणि प्रश्न विचारायची मुभा आली. काकूंना 42 वर्षांपूर्वी यातलं काहीच मिळालं नव्हतं.

नर्सबाईंनी जे सांगितलं त्यातलं थोडं इथे देतो, कारण नातवंडं पुष्कळ घरांत आहेत. पहिला चीक टाकायचा नाही, जन्मल्यावर तासाभरात पाजायला घ्यायचं. दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा बाळ पितं, तेव्हा "सारखं पितंय, दूध पुरत नाही" असं म्हणून बाळंतिणीला घाबरवायचं नाही. पहिल्या काही दिवसांत वजन थोडं उतरतं, दोन आठवड्यांपर्यंत परत भरून येतं. नाळेला हळद, राख, अंगारा काही लावायचं नाही, ती कोरडी ठेवायची. डोळ्यांत काजळ नाही. बाळ ओढेनासं झालं, सुस्त पडलं, अंग तापलं किंवा गार पडलं, श्वास मिनिटाला 60 किंवा त्याहून जास्त होऊ लागला, तळहात-तळपाय पिवळे दिसले, तर दृष्ट काढत बसायचं नाही, त्याच तासाला दवाखाना. आणि बाळंतीण पहिले काही दिवस उगाच रडते, त्याला नाटक म्हणायचं नाही. दोन आठवड्यांनंतरही रडू थांबत नसेल तर तिलाही डॉक्टरांकडे न्यायचं.

एका भगिनींनी विचारलं, की नात आल्यापासून माझा नित्यनेम राहतो, पारायण अर्धवट आहे, दोष लागेल का? रात्री अडीच वाजता ढेकर काढायला खांद्यावर घेतलेलं बाळ आणि तोंडात नाम, यात नेम मोडला कुठे, असं आम्हाला वाटतं. पोथी थांबेल. बाळ थांबत नाही.

पुढच्या सोमवारी काकू एकट्याच दांडिया बाजारात गेल्या. आधी फोन करून गेल्या. न सांगता कोपरापर्यंत हात धुतले, पदर खोचला आणि सूनबाईला म्हणाल्या, "पाजून झालं ना? आता तू झोप, मी बसते." पोर दोन तास गाढ झोपली. दवाखान्यातून आल्यापासून सलग दोन तास पहिल्यांदाच, असं सासूबाई म्हणाल्या. सासूबाईंनीही तेवढ्यात पाठ टेकली. काकू बाळाला मांडीवर घेऊन नुसत्या बसून होत्या.

तर मंडळाने असं ठरवलं आहे. बाळ बघायला घोळक्याने जायचं नाही. सर्दी-खोकला असेल त्याने व्हिडिओ कॉल करावा. बारसं घरच्यांनी लांबवलं आहे, सव्वा महिना झाल्यावर आमंत्रण येईल तेव्हा सगळे जाऊ. तोवर रोज दुपारचा डबा आणि दुपारी दोन ते चार बाळाजवळ बसायची पाळी. डब्याची नावं भरली आहेत. पाळीत मंगळवार आणि शनिवार अजून रिकामे आहेत. ज्यांना जमेल त्यांनी ग्रुपवर मेसेज टाकू नये, काकूंना फोन करावा.