चौथा गट

भूम-परंड्याकडच्या गावांत घरातल्या बाईला 'बार्शीला नेलंय' असं कुणी आवाज उतरवून सांगितलं, की ऐकणारा बहुधा पुढचं विचारत नाही. बार्शी सोलापूर जिल्ह्यात, पण दुखण्यांना जिल्ह्याच्या हद्दी नसतात. १९८२ पासून तिथे नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल आहे. १९८७ मध्ये त्याच्याच आधाराने बार्शी, भूम आणि परंडा या तीन तालुक्यांतल्या ३४६ गावांची कर्करोग नोंदणी सुरू झाली. खेड्यापाड्यांतल्या लोकसंख्येची अशी नोंदणी देशात पहिलीच. शहरातल्या नोंदणीवाल्याला रुग्णालयांच्या फायली चाळून काम भागवता येतं. इथे फाइलच नव्हती. बाई घरीच आजारी पडायची, घरीच जायची, आणि मरणाचं कारण कुणाच्या कागदावर चढायचं नाही. म्हणून डॉ. कस्तुरी जयंत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कार्यकर्ते गावोगाव पाठवले. त्यांनी सभा घेतल्या, लक्षणं समजावली, ज्यांची शंका आली त्यांना रुग्णालयात आणलं. त्यातून एक अनपेक्षित गोष्ट हाती आली आणि ती १९९५ मध्ये प्रसिद्धही झाली. तपासणी नाही, यंत्र नाही, केवळ माणसं येऊन बोलत राहिली, तरी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या बाया आधीच्यापेक्षा लवकरच्या टप्प्यावर रुग्णालयात येऊ लागल्या.

आपल्याकडे 'दुखणं अंगावर काढणं' असा एक वाक्प्रचार आहे आणि तो बायकांच्या बाबतीत जवळजवळ कौतुकाने वापरला जातो. अंगावरून पांढरं जातंय, मध्येच रक्त दिसतंय, कंबर धरलीय. सुगी होऊ दे, पोरीचं लग्न होऊ दे, मग बघू. या 'मग'चा हिशेब पहिल्यांदा बार्शीच्या नोंदणीने मांडला.

पण मला लिहायचंय ते त्यानंतरच्या प्रयोगाबद्दल. १९९९ च्या अखेरीस तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीची एक चाचणी सुरू झाली. मुंबईचं टाटा मेमोरियल सेंटर, बार्शीचं रुग्णालय आणि फ्रान्समधल्या लिऑन शहरातली जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था असे तिघे त्यात होते. पैसा गेट्स फाउंडेशनचा. ४९७ गावांचे ५२ समूह पाडून ते चिठ्ठी टाकल्यासारखे चार गटांत वाटले. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बाया. पहिल्या गटाची या कर्करोगामागच्या एचपीव्ही विषाणूसाठी तपासणी, दुसऱ्याची पॅप म्हणजे पेशींची तपासणी, तिसऱ्याची 'व्हीआयए', ज्यात गर्भाशयमुखावर पातळ ॲसेटिक ॲसिड लावून पांढरा डाग उमटतो का ते नुसत्या डोळ्यांनी पाहतात. चौथ्या गटातल्या ३१,४८८ बायांना नेहमीची, प्रचलित सेवा.

प्रचलित सेवा म्हणजे काय, हा या लेखाचा सगळा प्रश्न आहे. १९९९ साली धाराशिवच्या एखाद्या वाडीवर गर्भाशयमुखाच्या तपासणीची प्रचलित सेवा म्हणजे काहीच नाही. लंडन किंवा टोकियोत 'प्रचलित सेवा' असा गट केला तर त्याला काहीतरी मिळत असतं. इथे त्या दोन शब्दांत पोकळी होती, आणि विज्ञानाला नेमकी तीच हवी होती. ज्यांना काही मिळत नाही त्यांच्याशी तुलना केल्याखेरीज मिळाल्याने किती जीव वाचतात ते सांगता येत नाही. गरीब मुलखात ही 'नसण्याची' सोय फुकट मिळते. ती कुणाला मुद्दाम तयार करावी लागत नाही.

निष्कर्ष २००९ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आले. पहिलं नाव डॉ. आर. शंकरनारायणन यांचं, पाठोपाठ बार्शीचे डॉ. भगवान नेने. एचपीव्ही गटात आठ वर्षांत या कर्करोगाने ३४ बाया गेल्या, पॅप गटात ५४, व्हीआयए गटात ५६ आणि चौथ्या गटात ६४. गट थोडे लहानमोठे आहेत. तो हिशेब जमेस धरला तरी एचपीव्ही तपासणीच्या एका फेरीने मृत्यू जवळपास निम्म्यावर आणले. उरलेल्या दोन पद्धतींचा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला नाही. आदल्याच वर्षी, २००८ मध्ये, या विषाणूचा आणि कर्करोगाचा संबंध दाखवणाऱ्या हाराल्ड त्सूर हाउझेन यांना नोबेल मिळालं होतं. प्रयोगशाळेत लागलेल्या शोधाने गावातलं मरण किती टळतं, हे मृत्यू मोजून दाखवलं धाराशिवने.

त्याच निबंधातला दुसरा एक आकडा मला याहून मोलाचा वाटतो, आणि त्याची चर्चा फारशी कुणी करत नाही. ज्यांची तपासणी 'ठीक' आली त्यांच्यापैकी पुढे कितींना कर्करोग झाला? एचपीव्ही ठीक आलेल्यांत वर्षाला लाखामागे ३.७, पॅप ठीक आलेल्यांत १५.५, व्हीआयए ठीक आलेल्यांत १६. म्हणजे एचपीव्हीने 'जा बाई, काही नाही' म्हटलं तर त्या शब्दावर पुष्कळ वर्षं विसंबता येतं. पॅप तपासणी श्रीमंत देशांत चालते, कारण तिथली बाई ठरावीक वर्षांनी परत येते. इथली बाई एकदा येते. ऊसतोडीला गेली की सहा महिने गावात नाही. आली की खुरपणी. एकदाच भेटणाऱ्या बाईसाठी एकदाच पुरेल अशी तपासणी हवी, हे शहाणपण त्या आकड्यात आहे.

या प्रयोगाचं यश केवळ तपासणीचं म्हणणं मात्र अर्धवट ठरेल. तपासणीच्या गटांतल्या ज्या बायांना बोलावलं त्यांपैकी जवळपास ७९ टक्के आल्या. लाजेच्या, पडद्याच्या, 'मला काय धाड भरलीय' म्हणणाऱ्या मुलखात ही हजेरी थक्क करणारी आहे. घरोघर जाऊन नावनिशी यादी केली, तपासणी गावाजवळ आणली, दोष आढळलेल्या बाईला पुढच्या उपचारापर्यंत पोचवलं, आणि जी मेली तिचीही नोंद ठेवली. कुठल्याही किटपेक्षा ही यादी मोठी. पण याद्या करणाऱ्यांना नोबेल नसतं.

आता चौथ्या गटाकडे. २०१४ मध्ये अमेरिकन डॉक्टर एरिक सुबा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स'मध्ये मुंबई, उस्मानाबाद आणि तमिळनाडूतलं दिंडिगल इथल्या अशाच तीन चाचण्यांवर टीका केली. तपासणी न दिलेल्या गटांत मिळून १,३८,६२४ बाया होत्या आणि त्यांतल्या किमान २५४ या कर्करोगाने गेल्या. तपासणीने जीव वाचतात हे पाश्चात्त्य देशांत कित्येक दशकांपासून ठाऊक असताना हे मृत्यू मोजत बसायचं कारण काय, असा त्यांचा सवाल. संशोधकांची बाजूही लेचीपेची नव्हती. भारतात संघटित तपासणी कार्यक्रमच नव्हता. गावोगाव पॅपच्या प्रयोगशाळा उभारणं अशक्य मानलं जात होतं. स्वस्त पद्धतींनी मृत्यू खरोखर घटतात का हे कुणी दाखवलं नव्हतं. आणि त्या पुराव्यावाचून सरकार पैसा काढणार नव्हतं.

मी हा वाद अनेकदा वाचला आणि दरवेळी वेगळ्या बाजूला झुकलो. उस्मानाबादपुरतं बोलायचं तर सुबांच्या म्हणण्यात एक फट आहे: पॅप गटातच मृत्यू लक्षणीय घटले नाहीत. म्हणजे 'ठाऊकच होतं' असं ज्याबद्दल म्हणायचं ते या मातीत, एका फेरीत, उगवून आलं नाही. तेव्हा प्रश्न खरा होता आणि उत्तर कुणापाशी नव्हतं. पण संशोधकांच्या युक्तिवादातलं शेवटचं वाक्य मला सोडत नाही. पुराव्यावाचून सरकार हलणार नाही, म्हणून पुरावा हवा, म्हणून चौथा गट. हे वाक्य उचित ठरतं ते एकाच अटीवर: पुरावा मिळाल्यावर सरकार हललं पाहिजे. चौथ्या गटाचं समर्थन १९९९ च्या मंजुरीपत्रात शोधून सापडणार नाही. ते २००९ नंतर काय घडलं त्यावर अवलंबून आहे, आणि 'नंतर' ही संशोधकांच्या हातातली गोष्ट नाही. तिथे आरोपी बदलतो.

काय घडलं? जगात बरंच. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने गर्भाशयमुखाच्या प्राथमिक तपासणीसाठी एचपीव्ही डीएनए चाचणीला पहिली पसंती दिली. त्यामागच्या पुराव्यांत उस्मानाबादचं नाव आहे. जिल्ह्याचं नाव २०२३ मध्ये बदललं, वैद्यकाच्या ग्रंथालयात ते जुनंच राहील. भारतात २०१६ च्या राष्ट्रीय मार्गदर्शिकेने ३० ते ६५ वयाच्या बायांची दर पाच वर्षांनी तपासणी सुचवली, पण पद्धत निवडली व्हीआयए. ती निवड अगदीच निराधार नव्हती: दिंडिगलच्या चाचणीत व्हीआयएने मृत्यू ३५ टक्क्यांनी आणि मुंबईच्या वस्त्यांत ३१ टक्क्यांनी घटले होते. शिवाय ती स्वस्त. पण तिचा सगळा भार पाहणाऱ्याच्या डोळ्यावर, आणि तो डोळा तयार करणं, तयार ठेवणं, हे उपकेंद्रावरच्या एकट्या नर्सबाईवर सोडून द्यायचं काम नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या बायांना विचारलं, ही तपासणी कधी झालीय का? देशभरात 'हो' म्हणणाऱ्या १.९ टक्के. म्हणजे शंभरातल्या अठ्ठ्याण्णव बाया तेव्हाही चौथ्या गटातच होत्या. फरक इतकाच की त्यांचे मृत्यू कुणी मोजत नव्हतं.

कुणी म्हणेल, धाराशिवला कर्करोग तरी किती? प्रश्न गैर नाही. २०१२-१६ च्या राष्ट्रीय नोंदणी अहवालात उस्मानाबाद-बीडचं वयानुसार काढलेलं प्रमाण देशातल्या नोंदणी केंद्रांत सर्वांत कमी होतं: लाखामागे पुरुषांत ३९.५, स्त्रियांत ४९.४. पण ज्या कर्करोगाचा पूर्वरंग दहा-पंधरा वर्षं आधी दिसतो आणि एका भेटीत निपटता येतो, त्याला 'थोडाच आहे' म्हणून सोडायचं, हा हिशेब मला जमत नाही.

आणि पोकळी कधी पोकळी राहत नाही, हेही याच भागाने दाखवलंय. शेजारच्या बीड जिल्ह्यात २०१९ मध्ये ऊसतोड बायांची पाहणी झाली. ८२,३०९ बायांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयाची पिशवी काढलेली. 'पिशवी खराब झालीय, ठेवली तर कॅन्सर होईल' हे वाक्य ऐकून शस्त्रक्रियेला तयार झाल्याचं त्यांतल्या अनेकींनी सांगितलं. कर्करोगाची तपासणी गावात पोचली नाही. कर्करोगाची भीती वेळेवर पोचली, आणि तिचं बिलही. गंमत पाहा (गंमत हा शब्द इथे बरा नव्हे), १९९९ च्या चाचणीत घ्यायची एक अटच होती, बाईची पिशवी शाबूत हवी.

न मिळण्यातून ज्ञान निघण्याची दुसरी गोष्टही बार्शीला येऊन पोचते. २००९ मध्ये एचपीव्ही लशीचे दोन डोस पुरतात की तीन लागतात, हे ठरवायला देशात नऊ ठिकाणी चाचणी सुरू झाली. बार्शी त्यांतलं एक. त्याच सुमारास 'पाथ' या संस्थेचा लशीचा एक वेगळा प्रकल्प तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातेतल्या वडोदऱ्यात चालू होता. तिथे काही मुलींचे मृत्यू झाले. ते लशीमुळे नव्हते असं चौकशीत दिसलं, पण संमतीच्या कागदांतला ढिसाळपणा उघड झाला आणि पुढे २०१३ मध्ये संसदीय समितीने त्यावर कडक ताशेरे ओढले. एप्रिल २०१० मध्ये सरकारने लशीच्या सगळ्याच चाचण्यांतलं लसीकरण थांबवलं. तोवर १७,७२९ मुलींना लस टोचली गेली होती आणि त्यांतल्या ४,९५० जणी एकाच डोसवर अडकल्या. संशोधकांनी त्यांचा माग सोडला नाही. २०२१ मध्ये 'लॅन्सेट ऑन्कॉलॉजी'त निष्कर्ष आले: एचपीव्ही १६ आणि १८ च्या चिवट संसर्गापासून एका डोसने मिळालेलं संरक्षण ९५.४ टक्के, तीन डोसांचं ९३.३. म्हणजे तोडीस तोड. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एक डोसही चालेल असं सांगितलं आणि गरीब देशांचा लसीकरणाचा खर्च एकदम खाली आला. हे कुणी आखलं नव्हतं. एका गोंधळाने मुलींचे पुढचे डोस हुकले आणि त्या हुकण्यातून जगाला स्वस्त लसीकरण मिळालं. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या 'सर्व्हावॅक' या देशी लशीला जुलै २०२२ मध्ये परवानगी मिळाली.

या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की विज्ञानाविषयी तक्रार करावीशी वाटत नाही. विज्ञानाने आपलं काम चोख केलं: जे घडलं ते मोजलं, लपवलं नाही, छापलं. २०२१ च्या निबंधात एका डोसवर अडकलेल्या मुलींचा स्वतंत्र रकाना आहे, तसाच २००९ च्या निबंधात चौथ्या गटाचाही. आपल्या आरोग्यखात्याच्या कुठल्या अहवालात 'ज्यांना काही दिलं नाही' असा रकाना असतो?

१९९९ साली चौथ्या गटातली सर्वांत धाकटी बाई तीस वर्षांची होती. तिचं गाव, वय, पिशवी शाबूत असल्याची खूण, सगळं तेव्हा लिहून घेतलेलं आहे. राष्ट्रीय मार्गदर्शिकेची वयोमर्यादा पासष्ट. ती पासष्टची होईल २०३४ मध्ये.