नकाराचा हक्क

उन्हाळ्यात आम्ही नवरा-बायको छोट्या शिडाच्या बोटीतून इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यानं पश्चिमेकडे निघालो होतो. घरी बरोबरीनं वागणारी दोन माणसं बोटीवर चढली की एक कप्तान होतो आणि एक खलाशी. त्यावर उतारा म्हणून आधीच ठरवलं होतं : एकानं जरी 'नको' म्हटलं तरी निघायचं नाही, आणि कारण विचारायचं नाही.

वेमथच्या पुढे पोर्टलंड बिलचं टोक आहे. तिथे प्रवाह एकमेकांवर आदळून समुद्र वारा नसतानाही उसळतो. खडक आणि तो खवळलेला पट्टा यांच्यामधून शांत पाण्याची चिंचोळी वाट असते, पण प्रवाहाची वेळ साधली तरच. चुकली की बारा-साडेबारा तास थांबा.

त्या सकाळी वारा बेताचा होता, हिशोबही चोख. मी 'नको' म्हटलं. त्यानं मुकाट्यानं नकाशा गुंडाळला.

मला समुद्राची भीती वाटत नव्हती. आदल्या संध्याकाळी धक्क्याला लागताना माझ्या हातून दोर निसटला, तेव्हा तो चारचौघांत ज्या आवाजात ओरडला, त्याचा हा वचपा होता. भित्र्यासाठी केलेला नियम मी रागासाठी वापरला. पण कारण विचारायची मुभा ठेवली, तर खरोखर घाबरलेल्यालाही आधी आपली भीती सिद्ध करावी लागणार. मग तो हक्क कसला? म्हणजे माझ्यासारखीच्या लबाडीला जागा ठेवावीच लागते?

दुसऱ्या दिवशी टोक ओलांडलं. उजवीकडून लाल-पांढरं दीपगृह सरकत होतं. त्याला काही विचारता येत नव्हतं, आणि मी आपणहून सांगितलं नाही.