तो रंग आधी धुऊन या

तालीम थांबवली म्हणून तोंडं पाडून बसू नका. ऑगस्ट विल्सनच्या ‘फेन्सेस’ नाटकातला प्रवेश करायचं ठरलं आणि तुम्ही सगळ्यात आधी काय जमवलंत? काळ्या रंगाची डबी. अर्ध्या जणांनी संहिता उघडलेली नाही, पण मेकअप तयार! अमेरिकेत 1830च्या सुमारास थॉमस राइस नावाचा गोरा नट तोंडाला काजळी फासून ‘जिम क्रो’ नाचवायचा आणि प्रेक्षक पोट धरून हसायचे. पुढे काळ्यांना वेगळ्या डब्यात, वेगळ्या शाळेत ढकलणाऱ्या कायद्यांना त्याच पात्राचं नाव चिकटलं. तुमच्या डबीत तो रंग आहे. ‘सर, माहीत नव्हतं’ हे मला ऐकवू नका. अमेरिकेतल्या ब्लॅक पँथर संघटनेवरून नाव घेऊन 1972 साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, आणि तुम्ही याच राज्यात नाट्यशास्त्र शिकता!

आता अभिनय. ट्रॉयची बायको रोझ करणारी कोण? तू ना? चित्रपटातला व्हायोला डेव्हिसचा तो प्रसंग मोबाइलवर पाहून अगदी नाक गळण्यापर्यंत उचललास. त्या भूमिकेला ऑस्कर मिळालं, हे तुला पाठ. पण चित्रपटाच्या आधी, 2010 साली, डेन्झेल वॉशिंग्टनच्या ट्रॉयसमोर तिने तीच रोझ ब्रॉडवेवर प्रयोगामागून प्रयोग उभी केली होती. कॅमेऱ्यासमोर आलं ते त्या मेहनतीचं पाणी. तू नुसतं पाणी आणलंस. अठरा वर्षांचा संसार कुठे आहे तुझ्या रोझचा?

आणि आमचे ट्रॉय! पहिल्या वाक्यापासून आरडाओरडा. अरे, हा पिट्सबर्गचा कचरा उचलणारा माणूस. एके काळी नीग्रो लीग गाजवलेला बेसबॉलपटू. गोऱ्यांच्या संघांची दारं उघडली तोवर याचं वय निघून गेलेलं. गाड्या गोऱ्यांनीच का चालवायच्या आणि डबे काळ्यांनीच का उचलायचे, असं तो साहेबाला विचारतो आणि ड्रायव्हर होऊन दाखवतो. लायसन्स मात्र नाहीच त्याच्याकडे! या जागी तुमच्यातला एकही जण हसला नाही. काळा माणूस म्हटला की तुम्हाला दुःखाखेरीज काही दिसतच नाही. ऑगस्ट विल्सनची माणसं थापा मारतात, टिंगल करतात, गातात, पैशांवरून भांडतात.

सगळ्यात मोठा गुन्हा म्हणजे गॅब्रिएल कापलात. ‘लिंक तुटते’ म्हणे! दुसऱ्या बाईला आपलं मूल होणार आहे, हे ट्रॉय बायकोला सांगतोय. त्याच वेळी युद्धात डोक्याला जखम झालेला त्याचा भाऊ गॅब्रिएल हातात फूल घेऊन वहिनीला द्यायला येतो. रोझला ओरडताही येत नाही, रडताही येत नाही, फूल घ्यावं लागतं. लिंक तुटावी म्हणूनच तो तिथे येतो. नाटककाराची अक्कल दिसते ती याच जागी, आणि तुम्ही नेमकी तीच छाटलीत.

या विल्सनने विसाव्या शतकाच्या दर दशकाला एक अशी दहा नाटकं लिहिली, त्यातली नऊ पिट्सबर्गच्या हिल डिस्ट्रिक्ट या एकाच वस्तीतली. ‘फेन्सेस’चा चित्रपट कृष्णवर्णीय दिग्दर्शकच करील, यावर तो अडून बसला. चित्रपट आला 2016 साली. विल्सन जाऊन तेव्हा 11 वर्षं झाली होती. एवढ्या हट्टाने जपलेल्या नाटकातली तुम्ही दोन मिनिटांची क्लिप पाहिलीत.

तुमच्या टिपणांबद्दल थोडक्यात सांगतो. नेपोलियनवरचा निबंध चोरल्याचा आळ शिक्षकाने घेतला म्हणून विल्सनने पंधराव्या वर्षी शाळा सोडली आणि सार्वजनिक ग्रंथालयात बसून स्वतःला शिकवलं. त्याच्यावरचा आळ खोटा होता. तुमची चार टिपणं मात्र स्वल्पविरामासकट सारखी आहेत.

सोमवारी सकाळी आठला सगळ्यांनी पूर्ण नाटक वाचून यायचं. गॅब्रिएलचा प्रवेश परत घालायचा. टिपण स्वतःच्या अक्षरात, नव्याने. रंगाची डबी घेऊन जो दारात दिसेल, त्याने तिथूनच मागे फिरावं.