धुराड्याचा दाखला कुणी द्यावा?

हॉटेलच्या भटारखान्यात शेगडीवरच्या हूडला चढलेला तेलकट थर कुणालाही दिसतो. त्याच हूडमधून निघून छताआडून गच्चीपर्यंत गेलेल्या डक्टच्या आत काय साचले आहे, ते मालकालाही दिसत नाही. सफाईवाल्याने हात पोचेल तेवढाच पत्रा घासून तारखेचे स्टिकर डकवले, तरी बिल पूर्ण चुकते होते. २९ ऑगस्ट २००७ रोजी बॉस्टनच्या वेस्ट रॉक्सबरी भागात एका रेस्टॉरंटच्या एक्झॉस्टमधल्या तेलाच्या थरातून आग पसरली. ती छतावरच्या पोकळीत आधीपासून धुमसत होती, आणि आत शिरलेले दोन अग्निशामक जवान त्यात मृत्युमुखी पडले. सफाईचे पैसे एकाने द्यायचे आणि धोका तिसऱ्याच्याच जिवावर बेतायचा, असा हा व्यवहार आहे. म्हणून सफाई करणाऱ्याच्या पात्रतेची कसोटी त्या दोघांच्या आपसातल्या करारावर सोडता येत नाही.

अमेरिकेत या कामाचा आधार एनएफपीए ९६ हे मानक आहे. लाकूड-कोळशावरच्या स्वयंपाकाला दरमहा तपासणी, चोवीस तास चालणाऱ्या किंवा वोकवर तळणाऱ्या भटारखान्याला तिमाही, मध्यम वापराला सहामाही, तुरळक वापराला वार्षिक, असा क्रम त्यात आहे. कुठला भाग साफ झाला नाही, हे मालकाला लेखी कळवण्याची सक्तीही आहे. मात्र तपासणारी व्यक्ती प्रशिक्षित आणि प्रमाणित असावी, स्थानिक अधिकाऱ्याला मान्य असावी, एवढे सांगून ते थांबते. प्रमाणपत्र कुणी द्यायचे, हे मोकळे राहते. ती जागा इकेका या सफाई कंपन्यांच्या संघटनेने बऱ्याच अंशी भरली. १९८९ मध्ये स्थापन झालेल्या या संघटनेने प्रमाणपत्र परीक्षा सुरू केल्या आणि सफाईच्या पद्धतीचे स्वतंत्र मानकही लिहिले. हे काम मोलाचे आहे. डक्टमध्ये उतरणाऱ्यांइतके त्यातले बारकावे कुणाला ठाऊक असणार? तरीही प्रशिक्षण, परीक्षा आणि सभासदत्व एकाच छपराखाली आले की सभासदाला नापास करणे संघटनेला जड जाते. व्यक्तींच्या प्रमाणीकरणाचे आयएसओ १७०२४ हे मानक शिकवणे आणि परीक्षा घेणे यांत निःपक्षपाताची काळजी घ्यायला सांगते, ते याच कारणाने. माझ्या मते कसोटी लिहिणाऱ्या समितीत सफाईवाले, विमा कंपन्या, हॉटेलवाले आणि अग्निशमन दल सगळे असावेत, कुणाचेही बहुमत नसावे. परवाना मात्र अग्निशमन यंत्रणेनेच द्यावा. न्यू यॉर्कचे अग्निशमन दल या कामासाठी स्वतःचे परीक्षेवर आधारित प्रमाणपत्र देतेच, म्हणजे हे अशक्य नाही.

सरकारी शिक्का म्हणजे चिरीमिरीला आमंत्रण, हा आक्षेप महाराष्ट्रातल्या वाचकाला पहिल्यांदा सुचेल, आणि तो खोटा नाही. पण आपल्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्याने वेगळी वाट धरली: दर जानेवारी आणि जुलैत परवानाधारक एजन्सीचे प्रमाणपत्र मालकाने सादर करायचे. एजन्सी निवडणारा आणि तिचे पैसे देणारा मालकच. भ्रष्टाचाराची शक्यता इथेही आहे, फक्त ती सरकारी कचेरीतून खाजगी करारात सरकते, जिथे ती कुणाच्या नजरेस पडत नाही. सफाईवाला परवान्यासाठी अधिकाऱ्याकडे आला, तर निदान त्या अधिकाऱ्याला जाब विचारता येतो.

खर्चाचा आक्षेप अधिक गंभीर आहे. रात्री हॉटेल बंद झाल्यावर डक्टमध्ये उतरणारे अनेकदा कमी पगाराचे, स्थलांतरित कामगार असतात. इंग्रजीतली महागडी परीक्षा त्यांना बाहेर ढकलेल आणि मोठ्या कंपन्यांचे फावेल. म्हणून परीक्षा कामगारांच्या भाषेत, जमेल तेवढी प्रात्यक्षिकावर आणि नाममात्र शुल्कात असावी. थराची जाडी गेजने मोजून, आतले फोटो काढून अहवाल मालकाबरोबरच अग्निशमन दलाकडेही जावा, आणि त्यातल्या काही ठिकाणी दलाने न सांगता जाऊन डक्टचे झाकण उघडून पाहावे.