कानावर पडलेले बोलणे

मीरा रोड-भाईंदरहून चर्चगेटकडे जाणाऱ्या लोकलमध्ये माणसे एकमेकांना खेटून उभी असतात. शेजाऱ्याचे बोलणे कानावर पडणे हे पाप नव्हे. प्रश्न पुढचा आहे. ते बोलणे टिपून, शब्दन्‌शब्द तसेच रंगमंचावर आणावे काय? अमेरिकेतील अ‍ॅना डेव्हिअर स्मिथ यांनी 1992 साली ‘फायर्स इन द मिरर’ हे नाट्य लोकांच्या खऱ्या शब्दांतूनच उभे केले. परंतु त्यांनी ते मुलाखती घेऊन मिळवले होते.

प्रवासी मोठ्याने बोलतात, म्हणजे परवानगीच दिली, असे कोणी म्हणेल. प्रेषित (स.) यांची शिकवण अशी की, बोलताना माणसाने आजूबाजूला पाहिले तर ते बोलणे अमानत ठरते. लोकलच्या गर्दीत मान वळवायलाही जागा नसते. तिथे आवाज खाली येतो, तेच ते पाहणे. नाव वगळूनही भागत नाही. रोज त्याच डब्यातून जाणारे सोबती लकबीवरून माणूस ओळखतात. शब्द जितके हुबेहूब, तितकी ओळख पक्की.

मग दुःखितांची व्यथा समाजापुढे यायचीच नाही काय? सूरह मुजादिला पाहा. एका स्त्रीच्या घरगुती तक्रारीने तिचा आरंभ होतो. हजरत आयशा (र.) त्याच घरात होत्या, तरी तिचे काही बोलणे त्यांच्या कानी आले नाही. मात्र हजरत खौला (र.) ती तक्रार स्वतः घेऊन आल्या होत्या, ऐकली जावी म्हणूनच. नाटककारानेही उतरण्यापूर्वी एवढे विचारावे, “ताई, हे मी लिहू का?” नकार आला, तर टिपलेले पान फाडून टाकावे.